उस्मानियाची यादी पुरी वाचू या

निकालांचे आणि प्रवेशांचे दिवस आले की आपल्या ग्रुपवर एक ना एक यादी फिरू लागते. अमुक विद्यापीठातून शिकलेले शास्त्रज्ञ, शायर, मंत्री, आणि खाली एक ओळ : 'हे आपले लोक'. अभिमान वाटणं साहजिक आहे. पण अशा यादीतून आपण ओळखीची नावं तेवढी उचलतो आणि बाकीची सोडून देतो. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची यादी मात्र एकदा पुरी वाचायला हवी. ती मराठवाड्याच्या घरातली आहे. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. त्याआधी इथल्या बहुतेक पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर उस्मानियाचंच नाव असे.

१९१८ साली निजामाच्या फर्मानाने हे विद्यापीठ उभं राहिलं. इंग्रजी सक्तीचा विषय होता, पण शिकवण्याची भाषा उर्दू. त्यासाठी आधीच, १९१७ मध्ये, दारुल तर्जुमा हे भाषांतर खातं सुरू झालं होतं. गणित, वैद्यक, कायदा, इतिहास यांची पुस्तकं उर्दूत आणणं, नवे शब्द घडवणं हे त्याचं काम. त्याची सुरुवातीची धुरा सांभाळणारे मौलवी अब्दुल हक पुढे औरंगाबादच्या उस्मानिया कॉलेजचे प्राचार्य झाले. उर्दूच्या इतिहासातली मोठी कामं आपल्या औरंगाबादेत बसून झाली आहेत.

या पायावर माणसं घडली. रजीउद्दीन सिद्दिकी इथे गणित शिकले, केंब्रिज आणि लाइपझिगला गेले आणि परत येऊन इथेच शिकवू लागले. मुहम्मद हमीदुल्लाह इथलेच विद्यार्थी आणि इथलेच प्राध्यापक; पुढे पॅरिसमध्ये राहून त्यांनी कुरआनचा फ्रेंच अनुवाद केला. आपल्या भाषेत शिकलेला मुलगा जगात मागे पडतो, या समजुतीला ही दोन नावं पुरेसं उत्तर देतात.

इथपर्यंतची यादी आपण आनंदाने पुढे पाठवतो. पण अजून नावं आहेत.

मखदूम मोहिउद्दीन यांनी १९३६ मध्ये इथून एम.ए. केलं. हाच शायर पुढे तेलंगणाच्या शेतकरी लढ्यात निजामाच्या सत्तेविरुद्ध उभा राहिला. १९३८ मध्ये वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यावर बंदी आली आणि ती न मानणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं. त्यांतले एक होते पी. व्ही. नरसिंह राव. त्यांनी पदवी पुण्याच्या फर्ग्युसनमधून घेतली, हरिभाऊ आपट्यांची मराठी कादंबरी तेलुगूत नेली आणि १९९१ मध्ये ते पंतप्रधान झाले. त्या गीताबद्दल आपलं मत काहीही असो, विद्यार्थ्याच्या तोंडावर हात ठेवणारं विद्यापीठ चुकलं, हे म्हणताना आपली जीभ अडखळू नये. आज कुठल्याही कॅम्पसवर कुणाच्या पोशाखावरून, नमाजवरून किंवा घोषणेवरून कारवाई होते तेव्हा आपण न्याय मागतो. तोच न्याय १९३८ ला लावला, तरच आपल्या मागणीला वजन येतं.

दुसरी गोष्ट भाषेची. उर्दूतून उच्च शिक्षण ही मोठी झेप होती. पण राज्यातल्या बहुसंख्य रयतेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. परभणीच्या शेतकऱ्याच्या मुलासाठी उर्दू ही जवळपास इंग्रजीइतकीच परकी. म्हणजे मातृभाषेचा हक्क एकाला मिळाला आणि अनेकांना मिळाला नाही. घरात दखनी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या आपल्या पिढीला हे दोन्ही बाजूंनी समजायला हवं.

या यादीत अली यावर जंग यांचंही नाव आहे. ते उस्मानियाचे कुलगुरू होते, पुढे अलीगढचे कुलगुरू आणि १९७० पासून महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. वांद्र्याची श्रवणदोषावर काम करणारी राष्ट्रीय संस्था त्यांच्या नावाने चालते. तिथे उपचाराला येणारं मूल कोणत्या समाजाचं, हे कुणी विचारत नाही.

सरकारी विद्यापीठाची मालकी हीच आहे. ते सगळ्यांच्या पैशातून चालतं, म्हणून त्यातून आलेला प्रत्येक माणूस सगळ्यांचा असतो. मखदूमही आपला, नरसिंह रावही आपलेच. आणि म्हणूनच त्या विद्यापीठावर आपलाही पुरा हक्क आहे. मेहेरबानी म्हणून नव्हे, नागरिक म्हणून.

तेव्हा पुढची यादी पाठवण्याआधी एवढं करा. मोहल्ल्यात बारावी झालेली जी मुलगी घरी बसली आहे, तिच्या अब्बा-अम्मीशी जाऊन बोला. प्रवेशाचा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज तिच्यासोबत बसून भरा. आपल्या विषयातला एक चांगला लेख मराठीत किंवा उर्दूत आणा. उस्मानियाची सुरुवातही भाषांतरापासूनच झाली होती.