देशाटन : कोबेचे जिनालय, कोयासानचे ताट

जपानला निघालेल्या जैन कुटुंबाच्या सामानात खाकऱ्याचे डबे सर्वांत आधी भरले जातात. त्यात वावगे काही नाही. परंतु आठ दिवस केवळ डब्यावर काढून परतणे म्हणजे त्या देशाच्या उंबरठ्यावरूनच माघारी येणे होय. आहाराचा नियम अभंग ठेवून तेथील नगर, अन्न आणि डोंगर जवळून पाहता येतात. मात्र त्याची पूर्वतयारी घरूनच झालेली असावी लागते.

या प्रवासाचा आरंभ कोबेपासून करणे सोयीचे. हे बंदर १८६८ साली परदेशी व्यापारास खुले झाले. १९२३ च्या भूकंपाने योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील अनेक भारतीय व्यापारी कोबेस आले. पुढे मोत्यांच्या व्यापाराने जैन कुटुंबांनाही येथे आणले. डोंगर उतारावरील कितानो भागात, जुन्या विलायती घरांच्या शेजारी, १९८५ साली उभारलेले भगवान महावीरस्वामींचे शुभ्र संगमरवरी जिनालय आहे. दर्शन व पूजेच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. चैत्र शुद्ध त्रयोदशी मार्चअखेर किंवा एप्रिलच्या प्रारंभी आली, तर जन्मकल्याणक आणि साकुराचा बहर एकाच सुमारास लाभतो.

जिनालयाच्या परिसरातून पायीच १९३५ सालची मशीद पाहता येते. शिन-कोबे स्थानकामागची चढण थोडी चालून गेल्यास ४३ मीटर उंचीचा नुनोबिकी धबधबा लागतो. बंदरावरील मेरिकेन उद्यानात १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात खचलेला धक्क्याचा भाग तसाच राखून ठेवला आहे. त्या आपत्तीत सहा हजारांहून अधिक माणसे गेली. मुलांना घेऊन गेलेल्या पालकांनी तेथे थोडा वेळ थांबावे.

आता अन्नाविषयी. जपानमध्ये ‘शाकाहारी’ एवढा शब्द पुरेसा नाही. मांसाचा तुकडा दिसत नाही म्हणून वाटीतील रस निर्दोष ठरत नाही. तेथील सूप, सॉस आणि उकडलेल्या भाज्या यांचा आधार ‘दाशी’ नावाचा अर्क असतो, आणि तो बहुधा सुकवलेल्या माशांच्या किसापासून काढलेला असतो. चवीसाठी ‘मिरिन’ हे तांदळाचे गोड मद्यही सर्रास वापरले जाते. बंद पाकिटावर भारतातल्यासारखा हिरवा ठिपका नसतो. म्हणून काय चालत नाही, याची यादी जपानी लिपीत लिहून घेऊन ती चिठ्ठी जवळ बाळगावी. निकु म्हणजे मांस, साकाना मासा, तामागो अंडे, तामानेगी कांदा, निन्निकु लसूण. आणि या सर्वांच्या आधी दाशीचा उल्लेख करावा.

या अडचणीवरचे उत्तम उत्तर जपानच्याच परंपरेत आहे. बौद्ध मठांतील ‘शोजिन र्‍योरी’ या पाकपद्धतीत मांस-मासे वर्ज्य असतातच; शिवाय लसूण, कांदा आणि त्यांच्या जातीच्या उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य असतात. स्वयंपाक ही साधनाच आहे, अशी त्यामागची धारणा. दोगेन या झेन आचार्यांनी १२३७ साली मठातील आचाऱ्यासाठी स्वतंत्र ग्रंथच लिहिला. जैन प्रवाशाला हे ताट ओळखीचे वाटेल.

परंतु ओळखीचे म्हणजे आपलेच नव्हे. शोजिनमध्ये कंदमुळांचा निषेध नाही. मुळा, गाजर तर असतेच. कोन्याकू हा चकचकीत पदार्थ सुरणाच्याच कुळातील कंदापासून होतो. तिळाचे प्रसिद्ध गोमा-दोफू घट्ट करण्यासाठी कुझू वेलीच्या मुळाचे सत्त्व घालतात. माशांऐवजी अर्क काढायचा तो समुद्रातील कोंबू आणि सुकवलेली अळंबी यांचा. ज्यांना हे वर्ज्य आहे, त्यांनी नोंदणी करतानाच तसे स्पष्ट लिहावे. काही ठिकाणी बदल करून देतील, काही ठिकाणी नम्रपणे नकार मिळेल. आधी मिळालेला नकार, पुढे आलेले ताट उष्टे टाकण्यापेक्षा शतपटीने बरा.

हे ताट अनुभवण्याचे योग्य स्थान कोयासान. इ.स. ८१६ मध्ये कूकाई यांनी वसवलेले हे मठांचे गाव सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत जावे आणि तेथून दोरीने ओढल्या जाणाऱ्या गाडीने वर चढावे. पन्नासएक मठांत यात्रेकरूंची निवासाची सोय आहे. पहाटेची प्रार्थना आणि उंच देवदारांखाली पसरलेले ओकुनोइनचे विशाल स्मशान ही तेथील खरी श्रीमंती.

चौविहार करणाऱ्यांनी ऋतू पाहूनच तिकीट काढावे. मठात रात्रीचे भोजन बहुधा साडेपाच-सहाला वाढतात. या भागात डिसेंबरात सूर्य पाचच्या आधीच मावळतो. एप्रिलच्या मध्यास साडेसहाच्या सुमारास, तर जूनअखेर सव्वासातला. म्हणजे एकच जेवण हिवाळ्यात रात्रिभोजन ठरते आणि वसंतात नियमात बसते. जूनमध्ये पावसाळा असतो, हेही ध्यानात असावे.

दोन व्यावहारिक सूचना. जपानची वीज १०० व्होल्टची आहे; घरची २३० व्होल्टची किटली तेथे जेमतेम पंचमांश शक्तीने तापते. दोन्ही दाबांवर चालणारी किटली न्यावी. तसेच ताजी फळे आणि भाज्या सोबत नेऊ नयेत. वनस्पती-तपासणीच्या प्रमाणपत्रावाचून त्यांना प्रवेश नाही.

शेवटी घरातील गोष्ट. एकाच कुटुंबात आजींचा चौविहार असतो आणि नातवाला रात्री नऊला बाजार पाहायचा असतो. परदेशात या दोहोंची ओढाताण रोज सायंकाळी होते, आणि बहुधा आजी उपाशी राहून मिटवतात. तसे होऊ नये. ज्याचा नियम सर्वांत कडक, त्याच्या घड्याळाने जेवणाची वेळ ठरवावी. जेवण उरकल्यावर नातवाने खुशाल बाजार पाहावा. नियम ज्याचा, त्यानेच तो एकट्याने वाहावा, अशी वेळ प्रवासात कुणावरही येऊ नये.