अटींचा पहारेकरी कोण?

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली आणि डहाणूच्या किनाऱ्यावर पाव शतकाहून अधिक काळ चाललेल्या वादाचा निकाल लागला, असा समज मुंबईतील सुशिक्षित वर्गात पसरलेला आम्हांस दिसतो. बंदर व्हावे की न व्हावे एवढाच प्रश्न असता, तर हा समज एक वेळ क्षम्य ठरला असता. परंतु डहाणूचा इतिहास वेगळेच सांगतो. तेथील जागरूक नागरिकांच्या पदरी पडलेले एक मोठे यश त्यांनी हरलेल्या दाव्यातूनच मिळविलेले आहे.

मुंबईच्या उपनगरांना वीज पुरविण्यासाठी डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र उभारण्याचे ठरले, तेव्हा स्थानिक नागरिकांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. मार्च १९९१ मध्ये न्यायालयाने प्रकल्पास अनुमती दिली. दावा हरला; परंतु धुरातील गंधकाचा अंश काढून टाकणारी यंत्रणा बसविण्याची अट पुरत्या विचाराविना शिथिल होऊ नये, असेही न्यायालयाने बजावले. त्याच वर्षी २० जून रोजी केंद्र सरकारने सबंध डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला आणि तेथील उद्योगांच्या एकूण क्षेत्रावर ५०० एकरांची मर्यादा घातली. ही अधिसूचना कागदावरच राहू नये म्हणून पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले आणि जानेवारी २०१९ मधील आपल्या निधनापर्यंत त्यांनी ती धुरा वाहिली.

या प्राधिकरणाने १९९९ मध्ये वीजकंपनीस गंधक काढण्याची यंत्रणा बसविण्याचा आदेश दिला. पुढे मुदतवाढी झाल्या, न्यायालयाच्या फेऱ्या झाल्या, बँकेची हमी मागण्यापर्यंत मजल गेली आणि अखेर २००७ साली ती यंत्रणा कार्यान्वित झाली. न्यायालयाच्या निकालापासून मोजले तर सोळा वर्षे! केवळ मंजुरीपत्रातील शब्दांवर विसंबून राहिले असते, तर ही अट केव्हाच विस्मृतीत गेली असती. ती जिवंत राहिली याची कारणे दोन : तक्रार करताना न थकणारे नागरिक, आणि ती ऐकून आदेश देण्याचा अधिकार असलेली, सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर न चालणारी संस्था.

आता बंदराकडे वळू. वाढवणच्या बंदराची पहिली योजना याच प्राधिकरणाने १९९८ साली अग्राह्य ठरविली होती. त्यानंतर काळ पालटला. २०१३ साली मुंबईची उपनगरी गाडी डहाणूपर्यंत पोहोचली, २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि मालवाहू लोहमार्ग, द्रुतगती महामार्ग व अतिवेगवान रेल्वे या सर्वांच्या वाटा याच जिल्ह्यातून आखल्या गेल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये बंदरांना उद्योगांच्या वर्गवारीतून वगळले. जुलै २०२३ मध्ये प्राधिकरणाने अटींसह संमती दिली. जानेवारी २०२४ मध्ये जनसुनावणी झाली, फेब्रुवारीत पर्यावरण मंजुरी हाती पडली, एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधी याचिका फेटाळल्या आणि जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मान्यता दिली.

देशाला खोल पाण्याचे बंदर हवे, मोठ्या मालवाहू जहाजांसाठी परकीय बंदरांवर अवलंबून राहणे परवडणारे नाही, हा युक्तिवाद आम्ही क्षुल्लक मानत नाही. परंतु सुमारे १,४४८ हेक्टर समुद्र भरावाखाली जाणार, ही गोष्टही तितकीच खरी आहे. पापलेट, घोळ, बोंबील यांवर जगणारा कोळी, दागिन्यांचे डाय घडविणारा वाढवण-वरोरचा कारागीर, आणि ज्या घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले त्याचा बागायतदार यांच्या शंकांना ‘विकासविरोध’ हे एकच नाव देऊन मोकळे होणे हा बौद्धिक आळस होय. जवाहरलाल नेहरू बंदरासाठी उठविलेल्या उरणच्या शेवा कोळीवाड्याचे पुनर्वसन अनेक दशके रखडले. तेच बंदर चालविणारे प्राधिकरण आज वाढवणचे प्रमुख भागीदार आहे. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने ताक फुंकून प्यावे, यात नवल ते काय?

म्हणूनच आता खरा प्रश्न आहे तो अटींच्या पहाऱ्याचा. जनसुनावणी एका दिवसात आटोपते. भराव, गाळउपसा आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहांत होणारे फेरफार यांचे परिणाम वर्षानुवर्षे उमटत राहतात. सुनावणी आणि मंजुरी यांत महिनाभराचे अंतर पुरते असे सरकारला वाटत असेल, तर निदान मंजुरीनंतरचे कान तरी उघडे असावेत. आमच्या मते त्यासाठी तीन गोष्टी अत्यावश्यक आहेत. प्राधिकरण टिकले पाहिजे, त्याची पदे रिकामी राहता कामा नयेत आणि मच्छीमारांचे प्रतिनिधी त्यावर असले पाहिजेत. अटींच्या पालनाचे अहवाल दर सहामाहीस मराठीत प्रसिद्ध व्हावेत आणि ते ग्रामपंचायतीत व मच्छीमार सोसायटीत वाचावयास मिळावेत. तिसरी गोष्ट म्हणजे, अटभंगाची किंमत आधीच बँकहमीच्या रूपाने बाजूस ठेवावी. कारण हमी मागितल्यावाचून अट हलत नाही, हे औष्णिक केंद्राच्या प्रकरणाने शिकविले आहे.

आणि एक शब्द आमच्या शहरी वाचकांसाठी. डहाणूच्या विजेने आमच्या घरांत दिवे लागले; तिचा धूर मात्र तेथील झाडांवर आणि माणसांवर उतरला. त्या सोळा वर्षांत धुराची चौकशी आपल्यापैकी किती जणांनी केली? उद्या वाढवणच्या धक्क्यावर उतरणारा मालही आपल्याच बाजारांत येणार आहे. तेव्हा पहाऱ्याचा सारा भार किनाऱ्यावरच्या कोळ्यांवर टाकून लाभ तेवढा आपण घ्यावा, हे न्यायाचे नव्हे. डहाणूकर जागे राहतीलच. प्रश्न आहे तो मुंबईकर किती काळ झोपून राहणार, एवढाच.