चॉकलेटची विडी

परवा शनिवारी रात्री एक छोटा सिगार ओढला. चॉकलेट फ्लेवरचा. ऑफिसातला एक मित्र ऑनसाइटहून येताना दहा नगांची पत्र्याची डबी घेऊन आला होता. वर प्रवचनही फुकट : "हे सिगारेटसारखं नसतं रे, ही टेस्ट डेव्हलप करावी लागते." म्हटलं करू डेव्हलप, आपलं कामच ते. टेंभीपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेलो. समोर नॅशनल पार्कचा काळा डोंगर, खाली कुणाच्या तरी हळदीचा डीजे.

आधीच सांगतो, मी काही धुतल्या तांदळाचा नाही. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून कटिंगबरोबर एक, हा हिशोब चालू आहे. त्यामुळे 'न ओढणाऱ्याला काय कळतंय' हा मुद्दा इथेच बाद.

डबी उघडली की वाढदिवसाच्या केकचा वास येतो, खोटं कशाला बोला. ओठाला लावला की गोड लागतो, कारण टोकालाच गोडी चोपडलेली असते. पहिल्या दोन झुरक्यांत चॉकलेट नाकाला कळतं, जिभेला नाही. तिसऱ्यापासून कढईत करपलेली साखर. अर्ध्यावर आलो तेव्हा ओला पुठ्ठा जाळल्यासारखी चव. त्याला कारण आहे. असल्या स्वस्त सिगारांवरचं आवरण बहुतेक वेळा अख्खं पान नसतंच, तंबाखूचा चुरा दळून, लगदा करून लाटलेला कागद असतो. शेवटी घसा कोरडा, ओठ चिकट, आणि रविवारी सकाळी पोहे खाताना बोटांना जो वास येत होता तो केकचा नव्हता. मार्क द्यायचे तर वासाला 10 पैकी 8, चवीला 2, प्रामाणिकपणाला भोपळा.

हा भोपळा का, ते नीट सांगतो. खऱ्या सिगारमधली पानं मुरवलेली असतात, त्याचा धूर अल्कधर्मी आणि जहाल. तो तोंडातच घोळवतात, निकोटिन तोंडातूनच रक्तात जातं. (म्हणून तो निरुपद्रवी असं नव्हे, तोंडाचा कॅन्सर कशाने होतो हे आपल्याकडे सांगायला नको.) हे आमचं पात्र सिगारेटएवढं, बुडाला फिल्टर, धूर मवाळ. आपण तो सरळ छातीत ओढतो. म्हणजे ही सिगारेटच, फक्त कोट सिगारचा.

हा कोट कुणी शिवला? अमेरिकेत 2009 साली कायदा आला आणि मेंथॉल सोडून बाकी सगळ्या फ्लेवरच्या सिगारेटी बंद झाल्या. पण कायद्यात शब्द होता सिगारेट. कागदात गुंडाळली तर सिगारेट, तंबाखूच्या पानात किंवा तंबाखू असलेल्या कागदात गुंडाळली तर सिगार! इंडोनेशियाच्या दजारम कंपनीच्या लवंगी सिगारेटी तिथे लगेच 'फिल्टर सिगार' होऊन दुकानात परत आल्या. त्याच वर्षी छोट्या सिगारवरचा कर सिगारेटीएवढा केला, तर कंपन्यांनी सिगारचं वजन जरासं वाढवलं आणि तो 'मोठा सिगार' झाला. आमच्या टीममध्ये कुणी टेस्टकेस अशी पास केली तर शिव्या खाईल. इथे त्याला प्रॉडक्ट म्हणतात.

पण अमेरिकेला हसण्यात अर्थ नाही. नव्वदच्या दशकात आपणच त्यांच्या पोरांना चॉकलेट, आंबा, स्ट्रॉबेरीच्या विड्या पाठवल्या. तेंदूपानातली हीच विडी, जी ओढत राहिलं नाही तर विझते, म्हणून सिगारेटपेक्षा जास्त आणि जोरात झुरके मारावे लागतात. 1999 साली मॅसॅच्युसेट्समधल्या शहरी पोरांची पाहणी झाली, त्यात 40 टक्क्यांनी विडी एकदा तरी ओढली होती. का? चव चांगली लागते म्हणून, हे त्यांच्या उत्तरांतलं एक उत्तर.

आता माझा खरा राग. आमच्या अण्णांनी एलबीएस रोडवरच्या कारखान्यात तीस वर्षं पाळ्या केल्या आणि तीस वर्षं विडी ओढली. रात्री दोनला त्यांचा खोकला सुरू झाला की अख्ख्या मजल्याला कळतं. त्या विडीला कुणी 'टेस्ट' म्हटलं नाही, घाणच म्हटलं. आणि बरोबरच म्हटलं. मग तोच धूर केकचा वास लावून पत्र्याच्या डबीत आला की आपण त्यावर 'मखमली', 'कोकोची छटा' असली भाषा का पाजळतो? मीही पाजळली असती. पण रविवारी दुपारी ताईचा मुलगा आला, वय वर्षं तेरा. टेबलावरची डबी त्याने उघडली, हुंगली आणि विचारलं, "मामा, एक घेऊ? चॉकलेट आहे ना?"

मित्राचं म्हणणं, मोठ्या माणसाला आवडीनिवडी असू नयेत का? असाव्यात की. पण पंधरा वर्षं ओढणाऱ्याला तंबाखूची सवय झालेली असते, त्याला केकचा वास कशाला लागतो? पहिल्या झुरक्याला ठसका लागून जो कायमचा थांबला असता, त्याचा ठसका झाकायला तो वास असतो. गुटख्यातल्या वेलचीचं काम तरी दुसरं काय होतं? महाराष्ट्रात 2012 साली गुटखा बंद झाला. 2020 साली सुटी सिगारेट आणि विडीही बंद झाली, आता टपरीवर ती किती बंद आहे ते भांडुप स्टेशनबाहेर पाच मिनिटं उभं राहून बघा. 2003 च्या केंद्राच्या कायद्यात सिगार आहे, चिरूट आहे, विडी आहे, 18 च्या आतल्यांना विकायचं नाही आणि शाळेपासून 100 यार्डांत विकायचं नाही हेही आहे. फ्लेवरवर बंदी मात्र त्यात नाही. एक ओळ घालायची होती, बास. आणि घातलीत तर कृपा करून 'सिगारेट' लिहू नका, 'तंबाखू' लिहा. नाहीतर पुन्हा कुणीतरी कोट शिवेल.

असो. डबीत नऊ शिल्लक आहेत. सध्या कपाटावर, वर्तमानपत्रात गुंडाळून. सोमवारी ज्याच्या त्याला परत.