नाव हजेरीपटात नाही म्हणून मूल गैरहजर ठरत नाही



बारावी होऊन मुलगी कॉलेजात गेली की महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा लागतो. सेनगाव, औंढ्याकडचे आईबाप एक रोज बुडवून, कागदांची पिशवी घेऊन हिंगोलीला येतात. अर्ज अर्धा भरतो आणि संगणक अडतो. कुठे अभ्यासक्रमाचे नाव यादीत दिसत नाही, कुठे ‘नोंद सापडली नाही’ असे इंग्रजीत येते. सेवा केंद्रावरचा पोरगा सांगतो, “तुमचं बसत नाही.” मायबाप परत फिरतात.

फिरू नका. ‘नोंद सापडली नाही’ आणि ‘तुम्ही पात्र नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

हे प्रोग्रॅम साऱ्या राज्याला एकच असतात. पण त्यांना चालायला आधी कोष्टके भरून द्यावी लागतात : कोणते कॉलेज, कोणता अभ्यासक्रम, कोणते वर्ष, फी किती. त्यातला एक रकाना रिकामा राहिला की प्रोग्रॅम तिथेच थांबतो. मुलगी वर्गात बसलेली असते, पण हजेरीपटात नाव चढलेले नसते, म्हणून गुरुजी पुकारत नाहीत. तेव्हा विचारायचे एवढेच, की हा रकाना भरायचे काम कोणाचे?

अभ्यासक्रम किंवा फी दिसत नसेल तर काम कॉलेजचे. ती नोंद कॉलेजच्या लॉगिनमधून होते. विद्यार्थ्याने दहा वेळा अर्ज भरला तरी होत नाही. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज द्या, अडलेल्या पानाची छापील प्रत जोडा आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले उद्या कोणालाच आठवत नसते. कॉलेजने दाद दिली नाही तर पोच घेऊन समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जा.

वडिलांच्या जुन्या दाखल्यावर ‘जि. परभणी’ असले तर घाबरू नका. हिंगोली जिल्हाच 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. आजच्या पत्त्यात मात्र हिंगोलीच निवडायला सांगा.

अर्ज मंजूर आणि पैसे नाहीत, ही तक्रार बहुधा बँकेकडची. खात्याला आधार जोडणे वेगळे, आणि आधारवरचे सरकारी पैसे कोणत्या बँकेत पाठवायचे याची नोंद वेगळी. ही दुसरी नोंद नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे असते आणि एका वेळी एकाच बँकेची असते. मध्ये कुठे नवे खाते उघडून अंगठा दिला असेल तर पैसे तिकडे जाऊन पडतात. आधारच्या संकेतस्थळावर ती बँक पाहता येते. केंद्राचा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के वाटा वेगवेगळा येतो, म्हणून एकच रक्कम आली की ओरड करण्याआधी हेही पाहा.

यादीतल्या रिकाम्या जागेची किंमत आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द नव्हता. 1956 ला धम्मदीक्षा झाली. महाराष्ट्राने राज्याच्या सवलती 1960 मध्ये दिल्या, पण केंद्राच्या यादीत तो शब्द चढायला 1990 उजाडले. तेवढ्या वर्षांत माणसे तीच होती, वस्ती तीच होती, गरिबीही तीच होती. मोर्चे निघाले, निवेदने गेली, तेव्हा तो एक शब्द पडला. त्यापुढे कॉलेजच्या लॉगिनमधला रकाना किती तो!

मुदत संपत आली की संकेतस्थळ रांगते, हा दरवर्षीचा अनुभव. अर्ज सुरू होताच पहिल्या आठवड्यात भरा. अर्जाचा क्रमांक, पासवर्ड आणि कोणता मोबाईल नंबर दिला ते घरच्या वहीत लिहून ठेवा. सेवा केंद्रवाल्याचा नंबर टाकू देऊ नका. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला ओटीपी त्याच्या मोबाईलवर येईल आणि तो तेव्हा पुण्यात कामाला गेलेला असेल.