जपलं तर गुन्हा, गंजवलं तर सूट!

खंडेनवमी आली की जुन्या वाड्यांतून तलवारी, भाले, कट्यारी बाहेर निघतात. हळदकुंकू लागतं, फोटो स्टेटसला जातात. पण त्याच वाड्याच्या माळ्यावर पडलेली पणजोबांची ठासणीची बंदूक कुणी खाली काढत नाही. विषय निघालाच तर घरातलं मोठं माणूस म्हणतं, "गप बस. पोलिसांची भानगड नको."

मंडळी, ही भीती उगाच नाही. कायदाच तसा लिहिलाय.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ४५ सांगतं, की कालबाह्य बनावटीच्या किंवा पुरातन मूल्य असलेल्या हत्याराला हा कायदा लागू नाही. वाचून बरं वाटतं ना? पुढची अट वाचा. ते हत्यार दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशा अवस्थेत पाहिजे!

आता ठासणीची बंदूक म्हणजे असतं काय? लोखंडी नळी, लाकडी दस्ता, घोडा आणि चाप. घराने तेलपाणी करून ठेवली असेल तर दीडशे वर्षांनीही एखादा हुशार कारागीर ती चालती करेल. म्हणजे ज्याने वस्तू सांभाळली तो अडकला आणि ज्याने पावसात सडवली तो सुटला. विनापरवाना बंदुकीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद आहे. मग लोक काय करतात? रातोरात विहिरीत टाकतात, नाहीतर वेल्डरकडून तुकडे करून भंगारात घालतात. इतिहास किलोच्या भावाने जातो.

त्याच दुरुस्तीने परवानाधारकाची मर्यादा ३ वरून २ बंदुकांवर आणली. वारसाहक्काने येणाऱ्या बंदुकाही त्या दोनातच मोजायच्या. शेतीसाठी घेतलेली बारा बोअर आणि आजोबांची पितळी नक्षीची बंदूक कायद्याच्या हिशेबात सारखीच.

कुणी म्हणेल, २०२० मध्ये सरकारने सूट दिली की! दिली, खरं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने नियम बदलले. 'क्युरिओ' या वर्गातलं छोटं शस्त्र घेण्याला किंवा घरी ठेवण्याला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. पाऊल चांगलंच होतं. पण वापरायला, बाळगून न्यायला, वाहतूक करायला परवाना लागतोच.

आता गंमत बघा. माझ्या घरातली बंदूक क्युरिओ आहे हे ठरवणार कोण? जाणकाराला दाखवायची तर त्याच्याकडे न्यावी लागणार. न्यायची तर परवाना पाहिजे. परवाना मागायला गेलो की पहिला प्रश्न, "ही तुमच्याकडे आली कुठून?" ज्या घरात १९४७ च्या आधीचा एक कागद उरलेला नाही, तो माणूस काय उत्तर देणार?

दुसरी बाजूही मांडतो. ठासणीच्या बंदुकीने आजही रानडुकराची चोरटी शिकार होते, शिकारीत माणसंही मरतात. जुनी आहे म्हणून ती खेळणं होत नाही. पोलिसांची काळजी रास्त आहे. पण म्हणूनच नोंद हवी! माळ्यावर लपवलेली बंदूक धोक्याची, की वहीत नंबर असलेली?

अमेरिकेचे बंदूक कायदे आपल्याला नकोत. त्यातली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. तिथे ५० वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी संग्राहकाचा वेगळा परवाना आहे. मुदत ३ वर्षं, फी ३० डॉलर. प्रत्येक खरेदी-विक्री वहीत लिहायची आणि सरकारी माणूस ती तपासू शकतो. आपल्याकडे कलेक्टर म्हणजे परवान्यावर सही करणारा साहेब. तिथे कलेक्टर म्हणजे जुनी वस्तू जपणारा माणूस.

आणि जपणाऱ्या माणसांनी काय केलं हे पुण्यात जाऊन बघा. दिनकर केळकरांनी घरोघर फिरून वस्तू गोळा केल्या म्हणून राजा केळकर संग्रहालय उभं राहिलं. त्यात शस्त्रंही आहेत. लोकांनी भीतीने सगळं विहिरीत टाकलं असतं तर?

मागणी साधी आहे.

१. वर्षातून एकदा तालुक्याला पोलीस आणि पुरातत्त्व विभागाचं संयुक्त शिबिर घ्या. तिथे शस्त्र आणणाऱ्यावर त्या कारणाने गुन्हा नको.
२. जागेवर तपासणी, फोटो, नंबर आणि लेखी दाखला द्या.
३. वारशाची जुनी शस्त्रं दोनच्या मर्यादेतून वगळा. बदल्यात दारूगोळा बंद आणि दरवर्षी तपासणी.
४. ज्याला ठेवायचं नाही, त्याच्याकडून सन्मानाने जिल्ह्याच्या संग्रहालयात घ्या, खाली घराण्याचं नाव लावा.

तोवर कुणाच्या घरी असं काही असेल तर हात जोडून विनंती. दारू ठासून 'बघू चालते का' करू नका. भंगारात घालू नका, परस्पर विकू नका. वकिलाला विचारा, घरीच फोटो काढा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आमदार-खासदार दसऱ्याला शस्त्रपूजन करतात, जोरदार भाषणं ठोकतात. यंदा त्यांना एवढंच विचारा, साहेब, आमच्या माळ्यावरच्या शस्त्राचं काय?

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.