पितळ टिकते, रबर टिकत नाही

दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जाण्याआधी एका मित्राने माळ्यावरून स्वतःचा जुना स्कूबा रेग्युलेटर काढला. वीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला, चार-दोन वेळा वापरलेला आणि मग धुऊन-पुसून पिशवीत ठेवलेला. ‘‘पितळ आहे, वर क्रोमचा मुलामा. याला काय होतंय?’’ असा त्याचा सवाल. मी विचारले, ‘‘यातले रबर कधी बदलले?’’ त्यावर उत्तर आले, ‘‘वापरलाच नाही, तर बदलायचे कशाला?’’

इथेच चूक होते. रबर वापराने झिजते, तसे नुसते पडून राहिल्यानेही कडक होते. कुकरची रिंग आपण याच कारणासाठी बदलतो. पुण्याच्या उन्हाळ्यात तापणाऱ्या माळ्यावर तर हे वय आणखी लवकर वाढते.

रेग्युलेटरचे काम समजले की यातला धोका कळतो. भरलेल्या सिलिंडरमधली हवा सुमारे २०० बार दाबाची असते, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या ऐंशी-नव्वदपट. सिलिंडरवर बसवलेला पहिला टप्पा हा दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त, एवढ्यावर आणतो. तोंडात धरलेला दुसरा टप्पा श्वास ओढला की तेवढीच हवा, भोवतालच्या पाण्याच्या दाबाने देतो. फ्रान्समध्ये १९४३ मध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी हे साधन घडवले. त्याआधी गान्यां युद्धकाळात गॅसवर चालणाऱ्या मोटारींसाठी अशाच झडपेवर काम करत होते.

आजही या यंत्राचे धातूचे शरीर कित्येक दशके टिकते. पण दाब प्रत्यक्षात अडवतात ते आतले स्वस्त, छोटे भाग: ओ-रिंगा, झडप जिथे टेकते ती प्लास्टिकची बैठक, रबरी पडदा, श्वास बाहेर सोडणारी पातळ चकती. ओ-रिंग चपटी होते, बैठकीवर चरा पडतो, मिठाचे कण झडपेत अडकतात. मग पहिल्या टप्प्यातून दाब हळूहळू वर सरकतो आणि तोंडातून हवा सतत वाहू लागते.

बहुतेक रेग्युलेटर बिघडले तर हवा बंद होण्याऐवजी वाहती राहावी, अशीच त्यांची रचना असते. अनुभवी माणूस तशा हवेवरही शांतपणे वर येतो. पहिल्यांदाच पाण्यात उतरलेला पर्यटक मात्र घाबरतो, श्वास रोखतो आणि वर झेपावतो. खरी इजा इथे होते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. त्यामुळे तिथे रोखून धरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. श्वास सोडणारी चकती दुमडलेली असेल, तर प्रत्येक श्वासाबरोबर पाणी घशात येते. ठसका लागून घाबरायला तेवढे पुरते.

म्हणून जुने रेग्युलेटर भंगारात काढावेत का? माझे मत तसे नाही. उत्पादकाचे सुटे भाग मिळत असतील आणि काम प्रशिक्षित तंत्रज्ञ करत असेल, तर जुना रेग्युलेटर नव्याइतकाच विश्वासाचा असतो. भाग मिळणे बंद झाले असेल, तर मात्र तो शोकेसमध्ये ठेवावा. हार्डवेअरच्या दुकानातली ‘तशीच दिसणारी’ ओ-रिंग बसवू नये, कारण माप जुळले तरी रबराची जात आणि कडकपणा जुळेलच असे नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिच्यासमोर शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने होती. ज्या साधनावर श्वास अवलंबून आहे, त्याचे भाग दीर्घकाळ मिळत राहणे ही मागणीही तितकीच रास्त आहे.

स्वतःचा रेग्युलेटर असलेले लोक थोडेच. पुण्याहून तारकर्ली-मालवणला जाणारे बहुतेक जण तिथलाच तोंडात धरतात. अनेक उत्पादक दरवर्षी तपासणी आणि एक-दोन वर्षांनी किंवा सुमारे शंभर डाइव्हनंतर पूर्ण सर्व्हिसिंग सांगतात. हंगामात एक रेग्युलेटर दिवसाला पाच वेळा पाण्यात गेला, तर शंभर डाइव्ह वीस दिवसांत होतात. पर्यटन केंद्रावर हिशेब वर्षांचा न ठेवता डाइव्हचा ठेवायला हवा.

तारकर्लीजवळ २४ मे २०२२ रोजी स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोघांचा जीव गेला. त्यानंतर आपण निदान लाइफ जॅकेटबद्दल विचारू लागलो. रेग्युलेटरबद्दल अजून कोणी विचारत नाही. घरच्या गॅस सिलिंडरवर पुढच्या चाचणीची तिमाही आणि वर्ष लिहिलेले असते, गॅसची नळी पाच वर्षांनी बदला म्हणून सांगितले जाते. मग प्रत्येक रेग्युलेटरवर शेवटच्या सर्व्हिसिंगची तारीख लिहिलेला बिल्ला का नसावा? यासाठी फार खर्च लागत नाही. चांगली केंद्रे ही नोंद ठेवतातच, ती पर्यटकाला दिसली पाहिजे. परवाना देणाऱ्यांनी ती सक्तीची करावी. तोवर पैसे भरण्याआधी आपणच विचारावे: ‘‘याचे सर्व्हिसिंग कधी झाले?’’

मित्राने अखेर रेग्युलेटर तंत्रज्ञाकडे दिला. उघडल्यावर पहिल्या टप्प्याची जाळी हिरवी पडलेली निघाली, म्हणजे कधीतरी आत खारे पाणी गेले होते. धुताना दुसऱ्या टप्प्याचे बटण दाबले की पाणी असे आत शिरते, हे त्याला माहीतच नव्हते. ओ-रिंगा चपट्या झाल्या होत्या. सुदैवाने त्या मॉडेलचे भाग अजून मिळतात. आता त्याच्या होजवर तारखेची चिठ्ठी आहे.