रजा मंजूर, जागा रिकामी

मा. कुलगुरू,
डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ,
छत्रपती संभाजीनगर यांस



आपल्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात जे चार जिल्हे येतात त्यांपैकी जालना हा एक, आणि या जिल्ह्यातील एका महाविद्यालयात उमेदीची सारी वर्षे अध्यापनात घालवून निवृत्त झालेली मी एक बाई, एवढाच माझा आपल्याशी संबंध. रीतसर अर्जाचा मार्ग मला अपरिचित नाही. आवक-जावक बारनिशीत नोंद होऊन, टिपणीवर टिपणी चढून, अखेर नस्तीत विसावणाऱ्या कागदांचा प्रवास मी पुष्कळ पाहिला आहे. परंतु ज्या विषयासंबंधी लिहिण्याचे मी योजिले आहे तो कोणा एकीच्या गाऱ्हाण्याचा नसून विद्यापीठाच्या विभागांतील व संलग्न महाविद्यालयांतील नित्याच्या वहिवाटीचा आहे, आणि वहिवाटीविषयी बोलायचे ते चारचौघांच्या देखत बोलावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. विषय आहे शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या मातांचा.

ज्यांचे नाव हे विद्यापीठ 14 जानेवारी 1994 पासून धारण करीत आहे, त्यांनी 28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाचा पुरस्कार करताना जे प्रतिपादन केले, त्याचा आशय असा की, बाळंतपणापूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने त्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलणे रास्त आहे. तथापि ज्या मालकाला त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ होतो त्यानेही आपला अंश सोसला पाहिजे. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. आमचा जालना त्या वेळी निजामाच्या अमलाखाली, त्यामुळे येथील जिनिंग-प्रेसिंगमध्ये सरकी-कापूस निवडणाऱ्या बायांपर्यंत तो पोहोचण्याचे कारणच नव्हते. आता तो काळही गेला आणि ती हद्दही गेली. तरी बाबासाहेबांनी त्या दिवशी ज्याला हात घातला तो प्रश्न, म्हणजे आईपणाच्या खर्चाचा वाटा कोणी किती उचलायचा हा, आपल्या विभागांत अद्याप निकालात निघालेला नाही, असे मला नम्रपणे निदर्शनास आणावयाचे आहे.

कागदावर पाहिले तर मागण्यासारखे फारसे उरलेले नाही. माझ्या वेळी प्रसूतीची रजा 90 दिवसांची होती. 2009 पासून राज्य शासनाने ती 180 दिवसांची केली. केंद्राच्या 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती होऊन 12 आठवड्यांचे 26 आठवडे झाले. 2018 मध्ये राज्याने बालसंगोपन रजेची 180 दिवसांची तरतूद केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांप्रमाणे पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला 240 दिवसांपर्यंत रजा आणि प्रबंध सादर करण्यास दोन वर्षे अधिक मुदत मिळते. एवढी उदार कलमे असताना विभागातली तरुण प्राध्यापिका गरोदरपणाची वार्ता चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत का लपविते, याचा विचार आपण कधी केला असेल काय?

माझे उत्तर सरळ आहे: रजा मंजूर होते, पण रजेच्या जागी माणूस मिळत नाही. सहायक प्राध्यापकाचा अध्यापनाचा भार आठवड्याला 16 तासिकांचा. ज्या विभागात मंजूर पदेच चार-पाच आणि त्यांतली काही वर्षानुवर्षे रिक्त, तेथे एक बाई सहा महिने रजेवर गेली की तिच्या 16 तासिका उरलेल्या दोघा-तिघांच्या वेळापत्रकात कोंबल्या जातात. ते बिचारे मोबदल्यावाचून हा भार वाहतात आणि मग मनुष्यस्वभावाला धरून जे व्हायचे ते होते. वस्तुतः रोष धरायचा तो पद न भरणाऱ्यावर. पण तो दूर बसलेला असतो, बाई समोर असते. ती रुजू झाली रे झाली की परीक्षेचे पर्यवेक्षण, नॅकच्या फायली, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबीर, जे जे कोणाला नको ते ते तिच्या पदरात पडते, वर "तुम्हाला तर सहा महिने आराम झाला की" हा शेरा. रात्रीतून चार वेळा उठणाऱ्या बाईच्या त्या आरामाविषयी मी अधिक लिहीत नाही. पुढे नव्या पदाच्या मुलाखतीला जेव्हा कोणी तरुणी येते, तेव्हा लग्न झाले का, मुले किती, असल्या चौकशा ज्या सहजपणे होतात त्या सहजपणाचे मूळही याच रिकाम्या जागेत आहे. निवडणाऱ्याच्या मनात तिची विद्वत्ता नसते, तिच्या संभाव्य रजेचा वाटप-तक्ता असतो.

मौजेची गोष्ट ही की उपाय आयोगाच्या नियमांतच नमूद आहे. 2018 च्या विनियमांत बालसंगोपन रजा 45 दिवसांहून अधिक असल्यास बदली अतिथी अध्यापक नेमण्याची मुभा संस्थांना दिलेली आहे. मुभा दिली, सक्ती केली नाही. आणि आपल्याकडे जे ऐच्छिक ते अनावश्यक असा अर्थ लावण्याचा प्रघात जुना आहे. माझी आपणांस पहिली व मुख्य विनंती अशी की, 45 दिवसांहून अधिक मुदतीची कोणतीही प्रसूती वा संगोपन रजा मंजूर करणाऱ्या आदेशातच बदली अध्यापकाच्या नेमणुकीचे कलम असावे. एकाच कागदावर, एकाच सहीने, एकाच जावक क्रमांकाने. स्वतंत्र प्रस्ताव, स्वतंत्र मान्यता, स्वतंत्र स्मरणपत्र हा मार्ग ठेवला तर बाळ रांगू लागले तरी बदली येणार नाही. खर्चाचा बाऊ कोणी करू नये. एका सत्राचे अध्यापन पंधरा आठवडे धरले तर 16 तासिकांप्रमाणे 240 तासिका होतात. वर्षातून विद्यापीठ ज्या समारंभांवर द्रव्य वेचते त्यांच्या मानाने हा आकडा कोणाला भारी वाटेल असे मला वाटत नाही.

परंतु ही बदली अध्यापिका म्हणून कोण येणार, हे मला चांगले ठाऊक आहे, आणि तेथेच या विषयाचा अधिक दुखरा भाग सुरू होतो. ती येणार तासिका तत्त्वावरची, जिला सर्रास 'सीएचबी' म्हणतात: नेट-सेट उत्तीर्ण, कित्येकदा पीएच.डी. झालेली, आणि घेतलेल्या तासिकेपुरतेच मानधन घेणारी. दिवाळीच्या सुट्टीत तिचा हजेरीपट कोरा, उन्हाळ्यात कोरा, आणि बाळंतपण आले तर तिच्या तासिका दुसऱ्या कोणाच्या नावावर चढून तिचे नावच कोरे. अशा एकीला मी काही वर्षांपूर्वी येथील एका महाविद्यालयात पाहिले. तीन महिन्यांचे मूल सासूपाशी ठेवून ती येत असे. दोन तासिकांच्या मधल्या वेळात ती जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेल्या खोलीत जाई. खोलीला आतून कडी नव्हती, म्हणून एक मोडकी खुर्ची दाराला लावून तिच्यावर दोन गठ्ठे ठेवी आणि भिंतीकडे तोंड करून दूध काढून टाकी. एकदा शिपाई गठ्ठा न्यायला आला आणि त्याने दार ढकलले. तो बिचाराच ओशाळून परतला; पण दुसऱ्या दिवसापासून तिने त्या खोलीत जाणे सोडले आणि आठवड्याने तापाने अंथरूण धरले. त्या आठवड्याच्या तासिका अर्थातच कापल्या गेल्या. प्राचार्यांनी नियमबाह्य काही केले असे म्हणता येणार नाही, कारण नियमच नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने 8 मार्च 2000 रोजी दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील रोजंदार स्त्रियांना प्रसूतिलाभ नाकारता येणार नाही असा निर्णय दिला. त्या बाया रस्त्याच्या कामावरच्या होत्या. पुढे ऑगस्ट 2023 मध्ये कंत्राटी नेमणुकीवरील एका स्त्री डॉक्टरच्या प्रकरणात, कराराची मुदत मध्येच संपली म्हणून हा लाभ तोडता येत नाही, हेही त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. रस्त्यावर खडी पसरणाऱ्या बाईचा जो हक्क न्यायालयाने मान्य केला, तो पदव्युत्तर वर्गाला शिकवणाऱ्या बाईच्या बाबतीत मान्य करण्यास विद्यापीठाला शासनाच्या हुकमाची वाट पाहावी लागावी, हे मला विपरीत वाटते. तासिका तत्त्वावरील नेमणूकपत्रात प्रसूतीच्या काळात जागा राखून ठेवण्याचे एक कलम आणि मागील सत्राच्या सरासरी तासिकांप्रमाणे काही आठवड्यांचे मानधन, एवढे तरी आपल्या अधिकारात व निधीत बसवून पाहावे.

संशोधक विद्यार्थिनींची अवस्था आणखी निराळी. जालन्याहून संभाजीनगर साठ-पासष्ट किलोमीटर. सकाळची गाडी किंवा एसटी पकडून, बदनापूर-करमाड मागे टाकीत, तेथून रिक्षाने बेगमपुऱ्यापलीकडे विद्यापीठात, आणि दिवे लागण्याच्या सुमारास परत, असे 'अपडाउन' करणाऱ्या मुलींची संख्या लहान नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणारी गरोदर झाली तर टोल्युइन, क्लोरोफॉर्म असल्या द्रावकांच्या वाफांत तिने उभे राहू नये हे सर्वांना कळते, आणि म्हणून मार्गदर्शक तिला दयाबुद्धीने घरी बसायला सांगतात. दया खरी असते, पण तिने प्रबंध पुढे सरकत नाही. मुदत वाढवून मिळते हे कबूल. मात्र प्रयोगाला वेळ लागतो तसे हातही लागतात, आणि ते हात नियमात कोठेच नाहीत. जर्मनीतील नोबेल पारितोषिकविजेत्या जीवशास्त्रज्ञ क्रिस्टियाने न्युस्लाइन-फोलहार्ड यांनी 2004 साली एक निधी उभारला. तो तरुण संशोधक मातांना घरकामाला माणूस ठेवण्यासाठी व मूल सांभाळण्यासाठी पैसे देतो. जिने स्वतः प्रयोगशाळेत आयुष्य काढले तिला नेमकी अडचण कोठे आहे हे कळले, म्हणून तिने गौरवपत्रे न वाटता मोलकरणीचा पगार दिला. आपल्या विद्यापीठाने निदान इतके करावे की, गरोदर संशोधिकेच्या धोक्याच्या प्रयोगांसाठी काही महिने प्रयोगशाळा-साहाय्यक मिळावा आणि तिने तो वेळ वाचन-लेखनाच्या प्रकरणांना द्यावा, अशी लेखी व्यवस्था विभागप्रमुखांवर बंधनकारक असावी.

पाळणाघराचा विषय मी शेवटी ठेवला, कारण त्याच्यावर भाषणे सर्वांत जास्त झाली आहेत. 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असणाऱ्या आस्थापनांना पाळणाघर आवश्यक केले. पण त्याहून जुनी एक तरतूद आपल्या नजरेस आणली तर आपण विस्मित व्हाल. 1972 च्या दुष्काळात याच जिल्ह्यात, तेव्हा तो औरंगाबाद नि परभणी या जिल्ह्यांत वाटलेला होता, बाया खडी फोडायला जात आणि तान्ही मुले बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपत. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना वाढली, आणि 2005 च्या राष्ट्रीय कायद्यात असे कलम आले की, कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असली तरी त्यांच्याकडे पाहण्यासाठी एका बाईला नेमून तिला मजुरी द्यावी. मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातील पाझर तलावाच्या कामासाठी पाच मुलांचा हिशेब कायद्याने धरला जातो. महाविद्यालयात तो कोणी धरीत नाही. संलग्नीकरण समिती दरवर्षी येते, ग्रंथालयातील पुस्तके मोजते, प्रयोगशाळेचे चौरस फूट मोजते, क्रीडांगणाची लांबी-रुंदी विचारते, जेवते आणि जाते. तिच्या प्रपत्रात कर्मचारी व विद्यार्थिनींच्या लहान मुलांची संख्या आणि त्यांची सोय असा एक रकाना घालायला शासननिर्णय लागत नाही. जालना शहरातील महाविद्यालयांनी मिळून एक पाळणाघर चालविले तरी कोणा एकावर भार पडणार नाही.

येथे एक आक्षेप मला ऐकू येतो, तोही बहुधा एखाद्या सुशिक्षित गृहस्थाचा, की समानता हवी म्हणता आणि सवलतीही हव्यात म्हणता. त्यांस माझे म्हणणे एवढेच की आयोगाच्या त्याच 2018 च्या विनियमांत पुरुष अध्यापकाला पितृत्वाची 15 दिवसांची रजा आहे. माझ्या परिचयाच्या एका तरुण प्राध्यापकाने तिच्यासाठी अर्ज दिला तेव्हा शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस हशा पिकला होता, आणि अर्ज त्याने मागे घेतला. ती रजा न मागता मिळावी, घेतली नाही तर विभागप्रमुखाने कारण विचारावे, असे झाले म्हणजे मूल ही एकट्या बाईची अडचण राहणार नाही. विभागीय बैठका दुपारी चारनंतर ठेवू नयेत, हेही ओघाने आलेच. शेवटची सोयीची एसटी गाठणाऱ्या पुरुषांनाही त्याचा उपकारच होईल.

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाप्रमाणे 2020-21 साली देशातील अध्यापकांत स्त्रिया 42.9 टक्के होत्या. हा आकडा पाहून समाधान मानणारे पुष्कळ भेटतात. परंतु त्या 42.9 मध्ये कायम किती, तासिकेवर किती, प्राध्यापकपदापर्यंत पोहोचलेल्या किती, हे विभागवार मांडल्यावाचून त्याला अर्थ नाही. आपल्या विद्यापीठाने चारही जिल्ह्यांचा असा तक्ता, किती रजा मागितल्या, किती मंजूर झाल्या, किती ठिकाणी बदली माणूस दिला या तीन रकान्यांसह, वार्षिक अहवालात छापावा. ज्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत स्त्रियांची साक्षरता 61 टक्क्यांच्या आसपास आणि पुरुषांची 81 च्या आसपास होती, तेथे एक बाई विद्यापीठाच्या दारापर्यंत येते ती किती उंबरे ओलांडून येते, हे आपणांस सांगण्याची गरज नाही.

कार्यभाराचे पत्रक जूनपूर्वी तयार होते आणि एकदा ते मंजूर झाले की वर्षभर त्यात खाडाखोड करण्यास कोणी धजत नाही. सबब बदली अध्यापकाची तजवीज त्या पत्रकातच यावयाची असेल तर तिचा निर्णय व्यवस्थापन परिषदेच्या उन्हाळ्यापूर्वीच्या बैठकीत व्हावा लागेल. परिपत्रक निघाल्यास त्याची प्रत प्राचार्यांबरोबरच शिक्षकांच्या खोलीतील फलकासाठीही स्वतंत्र पाठवावी; प्राचार्यांच्या कपाटात गेलेला कागद तासिकेवरच्या बाईला दिसत नाही.



आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका, जालना